लाभ, एक, दोन

गोदावरीच्या पोटातल्या आमच्या बेटावर दोन पिढ्या मोजायला शिकल्या त्या मंगतायारू पंतुलम्मांच्या हाताखाली. अंगणवाडीच्या बाई त्या. पोराच्या पुढ्यात चिंचोके ओतायच्या आणि म्हणायच्या, "उचल, बोल, मग लिही." नुसता आकडा चालत नसे, अक्षरीही लिहावं लागे. पाटीवर ‘एक’ नीट उमटेपर्यंत ‘दोन’ला हात लावू देत नसत.

त्यांचं भांडण एकाच शब्दाशी होतं. खळ्यावर धानाच्या पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन. पोरं घरून तेच शिकून येत आणि पंतुलम्मा तडकत. "लाभ तुझ्या बापाच्या खळ्यावर! इथे एक म्हणायचं."

मी पाच वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. श्रावणात भरदुपारी पुराचं पाणी अंगणवाडीच्या दाराला लागलं. नाव जवळ येईना. आमची आया सूरम्मा दारातून एकेक पोर पुढे करायची, कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला गंगय्या ते झेलून नावेत पंतुलम्मांकडे द्यायचा. हा गंगय्या धान मोजणारा. वीस सुगीत त्याचं एक माप चुकलं नव्हतं.

पहिली मी. "लाभ," तो सवयीनं म्हणाला.

"अहो गंगय्या, ही काय धानाची मापं आहेत?" पंतुलम्मा खेकसल्या. "एक म्हणा, एक!"

तो ओशाळला. दुसरं पोर उचललं आणि म्हणाला, "एक." पुढे दोन, तीन करत शेवटचं पोर नावेत आलं तेव्हा तो अठरावर थांबला. त्या दिवशी हजर होती एकोणीस.

"एक आत राहिलं!" पंतुलम्मा ओरडल्या.

"कपाटामागे दडलं असेल मेलं. आणते," सूरम्मा म्हणाली आणि दारातून मागे वळली. मातीची भिंत तेवढ्यात बसली. गंगय्या धावला, तर पाण्यानं त्यालाच लोटलं. नावाड्यानं केसाला धरून त्याला वर ओढलं.

काठावर पंतुलम्मांनी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजलं. एकोणीस. पुन्हा मोजलं. एकोणीसच. सूरम्मा तिसऱ्या दिवशी लव्हाळ्यात सापडली.

गाव म्हणालं, गंगय्यानं घात केला. "ज्याला एकोणीस पोरं मोजता येत नाहीत, तो आमचं धान काय मोजणार?" त्याला खळ्यावर कुणी बोलावेना. तो लोकांच्या म्हशी राखू लागला. बोलला काहीच नाही. पंतुलम्माही बोलल्या नाहीत.

दहा वर्षांची झाल्यावर एकदा मी एकोणीस चिंचोके मांडून पाहिले. लाभ, एक, दोन असं मोजत गेले आणि चिंचोके अठरावर संपले. गंगय्याचं काय झालं ते कळलं. तरी कुणाला सांगितलं नाही. जिनं मला एक लिहायला शिकवलं, तिच्याकडे बोट कसं दाखवू, अशी मनाची समजूत घातली. ती खोटी होती. सगळं हिच्यापासून सुरू झालं असं गाव म्हणेल, याची मला भीती होती.

आता सूरम्माच्या जागी मीच आया आहे. इमारत सिमेंटची झाली, कपाट लोखंडी आलं, भिंतीला असं चिकटून की मागे बोट जाणार नाही. पोरं घरी सोडताना पंतुलम्मा तीनदा डोकी मोजतात. मग त्या कपाटामागे वाकून बघतात आणि हलकेच म्हणतात, "सूरम्मा, सगळी आली गं. ये आता बाहेर." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बाहेर अंगणात निघून गेले. अजूनही जाते.

यंदा संक्रांतीनंतर गंगय्या नातीला घेऊन दारात आला. नाव घालायचं होतं. पोरीनं चिंचोके ओढले आणि सुरू केलं, "लाभ, दोन, तीन..."

पंतुलम्मा आता ओरडतील म्हणून मी बघत राहिले. त्यांनी चौकट धरली.

"गंगय्या, तुमचं मोजणं चुकलं नव्हतं. पहिलीला लाभ म्हणालात आणि दुसऱ्याला एक. ते मी म्हणायला लावलं."

"ठाऊक आहे," गंगय्या म्हणाला. "नावेतच कळलं होतं. बावीस वर्षं वाट बघतोय, तुमच्या तोंडून कधी निघतं त्याची."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"माझ्या मोजण्यावर विश्वास कुणाचा उरला होता, पंतुलम्मा? आणि इथे दारात सांगून काय उपयोग? खळ्यावर सांगा."

त्या गेल्या. मागोमाग नातीला घेऊन गंगय्या आणि मीही. सुगी चालू होती, निम्मं गाव तिथेच होतं. पंतुलम्मांनी सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. "पहिली मी होते," मी म्हणाले. शेवटी शेताचा मालक पट्टाभी उठला आणि त्यानं माप गंगय्यापुढे सरकवलं.

गंगय्यानं पहिलं माप भरलं. "लाभ," तो म्हणाला. धान पोत्यात पडलं. दुसरं भरलं, उचललं, ओठ हलले, पण शब्द येईना. माप त्याच्या हातात कलतं झालं, दाणे पायावर सांडत होते.

"दोन," पंतुलम्मा कळवळून म्हणाल्या. "गंगय्या, दोन म्हणा."

त्यानं धान राशीवर परत ओतलं आणि माप उपडं ठेवलं.

"तुमचं एकदा ऐकलं होतं, पंतुलम्मा," तो म्हणाला, आणि नातीचा हात धरून निघून गेला.