हनुवटीची जखम आणि न दुखणारा दात

“जखम हनुवटीवर आहे, पण आजार दाताचा आहे,” मुंबईच्या दंतरुग्णालयातले डॉक्टर म्हणाले आणि मी गोंधळलो. माझ्या धाकट्या बहिणीचा, अनशीचा, दात कधी दुखलाच नव्हता.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ होता. अनशीच्या हनुवटीवर गळू येई, फुटे, पुन्हा येई. पोटिसे झाली, शहापूरच्या दवाखान्यातले मलम झाले. धसईला तिच्या सासरी कोणीतरी महारोगाचे नाव काढले. सासूने अनशीच्या लहानग्याला ठेवून घेतले आणि तिला आमच्याकडे धाडले. घरात बी. ए. झालेला मी एकटा. आई विचारी, “तू शिकलास ना? मग सांग, काय झालंय हिला?” शेवटी मी तिला मुंबईला घेऊन आलो.

डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. खालच्या पुढच्या दाताच्या मुळाशी काळा डाग होता. लहानपणी ती ओटीवरून पडली होती, तेव्हाच दात आतून मेला असावा. त्यातल्या जंतूंचा पू हाडातून वाट काढून कातडीवर येत होता. या वाटेला सायनस म्हणतात. दात उपटणे सोपे होते. “पण वय लहान आहे, वाचवून पाहू,” ते म्हणाले. रूट कॅनॉल म्हणजे दाताच्या मुळातली बारीक पोकळी. ती कोरून साफ करायची, उग्र वासाचे औषध ठेवून दात तात्पुरता बंद करायचा. मग कल्चर, म्हणजे जंतूंची परीक्षा. कागदाची वात दातात फिरवून काचनळीतल्या, जंतू वाढवणाऱ्या रसात टाकत. रस गढूळ झाला, तर जंतू जिवंत.

दुसऱ्या खेपेपर्यंत जखम मिटली. रस मात्र गढूळच निघाला.

“आता थांबलात तर पुन्हा फुटेल,” डॉक्टरांनी बजावले. पुन्हा औषध ठेवले, पुढे नवा नमुना घेतला. बाहेर सगळे बरे आणि आत आजार, हे मला पटेना. खोटे म्हणायची हिंमतही होईना.

निकाल यायच्या आतच सासू न्यायला आली. अनशीची हनुवटी उजेडाकडे वळवून म्हणाली, “बरी झालीस की गो. चल. पोर तुझ्या नावानं रडतंय.”

“आत्याबाय, दात भरून व्हायचाय अजून,” अनशी म्हणाली.

“दातात काय सोनं पुरलंय? आज नाय आलीस तर मी परत नाय येनार.”

आई माझ्याकडे बघत होती. अनशीच बोलली, “आज आले नि परत फुटलं, तर तुमीच मला परत माहेरी धाडाल. मंग पोर कायमचं तुटंल. त्यापरीस तुमीच चला नि बघा.”

सासू पुटपुटत का होईना, आमच्याबरोबर रुग्णालयात आली. डॉक्टरांनी काचनळी खिडकीशी धरली. ती डोळे बारीक करून बघत राहिली.

“यात तर कायच नाय!”

“तेच बघायचं होतं,” डॉक्टर हसले आणि त्यांनी दात कायमचा भरला. हाड भरायला मात्र वेळ लागेल, म्हणाले.

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर ते मागे सरले. त्यांचे उपकार कसे मानावेत, हे मला आजही कळत नाही. कोणाची हनुवटीवरची जखम मलमाला दाद देत नसेल, तर दात आधी दाखवा. तो दुखत नसला तरी.

बाहेर सासूने अनशीचे बोचके स्वतःच्या काखेत मारले. “बघत काय राह्यलीस? चल बिगी. पोर जेवलं नसंल.”