उपवासाचं कौतुक

माझ्या धाकट्या बहिणीनं कॉलेजात असताना आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग संकष्टी. पौर्णिमेला नृसिंहवाडीला जायची तेही निर्जळी. आमच्या घरात रविवारी मटणाच्या रश्श्याशिवाय कुणाला घास उतरत नाही, तिथं हिचं केवढं कौतुक. "पोरगी देवाची हाय," काकी गल्लीभर सांगायची. उरलेल्या दिवशी ही "कॉलेजात खाल्लं" म्हणायची आणि भरभरा गच्चीवर फेऱ्या मारत बसायची. ते कुणाच्या डोळ्यांवर येत नव्हतं. मी बोलले की मी नास्तिक.

तिचे केस मूठमूठ गळायला लागले. भर उन्हाळ्यात स्वेटर. अंगावर नुसती हाडं उरली तरी आरशासमोर पोट चिमटीत धरून म्हणायची, "सुटलंय बघ." मग पाळी बंद झाली. मला वाटलं, आता तरी दवाखान्यात नेतील. तर काकी म्हणाली, "बरंच झालं की. नवरात्रात अडचण न्हाय, देवीनंच सोय केली." आणि आईनं मान डोलवली. पोरीचं शरीर दुकानासारखं एकेक शटर खाली ओढतंय आणि ह्या बायकांना सोवळ्याची पडलेली. माझं डोकंच फिरलं.

अष्टमीला ती देवघरापुढं कोसळली. शाहूपुरीतल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, हा ॲनोरेक्सिया. मनाचा आजार आहे, नखरा नाही. हृदयाचे ठोके मंदावलेत, रक्तातले क्षार उतरलेत, हाडं ठिसूळ व्हायला लागलीत. आता आम्ही सांगू तेवढंच आणि हळूहळू खायला घाला, एकदम भरवलं तरी जिवाला धोका. मानसोपचारही लागतील.

त्यांनी सांगितलेली पेज घेऊन मी खाटेशी बसले, तर काकी आडवी आली. "उद्यापन केल्याबिगर उपास सोडायचा न्हाय. दसरा हू दे." बहिणीला तेवढंच निमित्त हवं होतं, तिनं तोंड फिरवलं.

मग मात्र माझा तोल गेला. "काकी, उद्यापनाचं जेवण घालायचंय का तेराव्याचं, ते आत्ताच ठरवा." अख्खा वॉर्ड बघायला लागला. बघू दे. आई पदरात तोंड घालून रडायला लागली. काकी खाटेपासून बाजूला सरली.

बहीण भिंतीकडं तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "आक्का, भूक लागती गं मला. पण जाड व्हायची लई भीती वाटती."

ज्या देवासाठी घरानं तिला उपाशी राहू दिलं, त्याचं तिनं नावसुद्धा काढलं नाही.