टाचेचा वाटा

लाँचीच्या बुडाला कालवं धरतात ना, तसे हे किस्से. खरवडून काढावेत, तर पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच! आमच्या भाट्ये गावच्या लाँचीवर आम्ही सात जण, आणि सातांत सगळ्यात चावट मी. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांनी हात जोडले म्हणून थांबवली. मग इंजिनावर डायवर झालो. इंजिन आवाज करतं, उलट बोलत नाही, म्हणून जमलं. बाकीच्यांची मात्र मी एकेकाची खोडी काढलेली. सगळ्यात जास्त धर्माची. धर्मा खलाशी, माझ्याच वयाचा, माझ्याच आळीतला. कशावरही विश्वास ठेवणारा माणूस. असा दोस्त मिळाल्यावर देवाकडे आणखी काय मागायचं?

* * *

पावसात लाँच वर ओढलेली असायची. नारळी पुनवेच्या आधी तिच्या बुडाला डांबर लावायचं, तेही अनवाणी. पंधरा दिवस सगळ्यांचे तळवे काळे. मग रॉकेल लावून घासायचे, की आलो माणसात!

ऐंशीनंतरची तीन-चार वर्षं गेली असतील. त्या साली धर्माच्या डाव्या टाचेवर एक ठिपका राहून गेला. चण्याच्या डाळीएवढा. गणपती झाले, दिवाळी झाली, ठिपका हलेना. धर्मा रोज संध्याकाळी ओट्यावर बसून रॉकेलनं टाच घासतोय.

मी म्हटलं, "अरे, रेशनच्या रॉकेलनं काय होणार? हे घे. मुंबईहून मागवलंय. विलायती!"

बाटलीत रेशनचंच रॉकेल. वर निळ्या शाईचे चार थेंब.

महिनाभर मन लावून घासलं बिचाऱ्यानं. मग मला टाच दाखवून म्हणतो, "फरक हाय!"

तेव्हा मी लाँचीच्या आडोशाला जाऊन पोट धरून हसलो होतो. ते हसू नंतर फार महाग पडलं.

* * *

पुढच्या उन्हाळ्यात गावच्या शाळेत कॅम्प लागला. चामडीची तपासणी, फुकट. रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यातून एक डॉक्टरीणबाई आली होती. माझ्या पोरीएवढी असेल. अकरा वाजले तरी एक माणूस नाही. आमच्याकडे चामडी तपासायची म्हणजे महारोग शोधायचा, हे पक्कं. एकदा का वहीत नाव लागलं, की घरातल्या पोरींची लग्नं मोडलीच!

बाई एकटी बसून वहीनं माशा हाकलत होती. मला काही ते बघवेना. बंदरावर आलो आणि सहज बोलल्यासारखं बोललो, "ऐकलंत का? मासेमारीचं लायसन नवं करायला त्या बाईचा शिक्का लागतो म्हणे."

अर्ध्या तासात चाळीस खलाशी रांगेत. सदरे काढलेले, हातात लायसनं!

बाई घाबरली. मी कानाशी जाऊन सांगितलं, "तुम्ही तपासा. आणि मग शिक्का मारा. कुठलाही मारा."

शाळेचाच एक शिक्का टेबलावर होता. पाठ बघितली, तळहात बघितले, तळवे बघितले, की बाई हातावर ठप्पा मारायची. ठप्पा निघाला 'उत्तीर्ण'चा. चाळीसातले एकोणचाळीस पास! माझं शिक्षण तिथं पुरं झालं.

अडला एकटा धर्मा. बाईनं त्याची टाच धरली ती सोडीचना. स्पिरिटनं पुसली, भिंगातून बघितली, पुन्हा पुसली.

धर्मा म्हणाला, "बाई, डांबर हाय तो. विलायती रॉकेलनं पण जाईना."

"कधीपासून आहे?"

"गेल्या नारळी पुनवेपासून. तवा डाळीएवढा होता. आता वाटाण्याएवढा झालाय."

बाई हळूच म्हणाली, "डांबर वाढतं का हो?"

चाळीस माणसं उघडीबंब उभी होती. जो तो एक पाय उचलून आपापला तळवा बघायला लागला.

* * *

बाईनं सांगितलं, मंगळवारी दवाखान्यात या, वायचसा तुकडा काढून बघू, चामडीचा कॅन्सरही असू शकतो. धर्मा म्हणाला, "कॅन्सर घशाला होतो. टाचेला कसा होईल? टाच काय तंबाखू खाते?" आणि जायचं नाव काढीना. खरं तर घाबरला होता. लाँच वादळात सापडली तेव्हा सुकाणू न सोडणारा माणूस, पण सुईचं नाव काढलं की पांढरा पडायचा.

मंगळवारी सकाळी मी लंगडत त्याच्या दारात. माझाही तळवा वर केला. मधोमध काळा ठिपका!

"धर्मा, मला पण आलाय रे. एकट्याला भीती वाटते. चल माझ्यासोबत."

लगेच सदरा घालून निघाला. मला धीर देत देत नेलं त्यानं. एष्टीत माझं तिकीटही त्यानंच काढलं.

दवाखान्यात बाईनं माझा पाय घेतला, कापसानं पुसला. ठिपका कापसावर! बाईनं कापसाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"वय काय तुमचं?"

"बावन्न."

"वाटत नाही."

धर्मा असा हसायला लागला की खाटेवर आडवा झाला. तो हसतोय तोवर बाईनं सुई टोचून, तुकडा काढून, टाका घालूनसुद्धा टाकला!

* * *

आता तो तुकडा मुंबईला पाठवायचा. सरकारी रांगेत घातला तर कधी नंबर लागेल सांगता येत नाही. बाहेरच्या लॅबमध्ये दिला तर आठवड्यात, पण त्याचे दाम. वाईट निघालं तर मुंबईला जाऊन ऑपरेशन, राहाणं, जाणं-येणं. बाईनं सगळं कागदावर लिहून दिलं. धर्मानं त्या कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"वैशाखात पोरीचं लगीन हाय. तां होऊ दे. मग बघू."

आम्ही वर्गणी काढतो म्हटलं तर उठून गेला. आजवर कुणाची विडीसुद्धा फुकट ओढली नव्हती त्यानं.

आमच्यात मिळालेल्या मासळीचे वाटे घालतात. एक वाटा लाँचीचा, एक इंजिनाचा, एक जाळ्याचा, मग माणशी एकेक. वाटे घालायचे आबा तांडेलांनी. आबा म्हणजे आमचे म्होरके. आठवड्यातून एकदा बोलायचे, तेही वाऱ्याशी.

त्या दिवशी आबा वाटे घालत होते. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "आबा, हे इंजिन काय लाँच ओढतं म्हणून त्याला वाटा. जाळं मासळी धरतं म्हणून त्याला वाटा. मग धर्माची टाच तीस वर्षं ह्याच फळीवर रोवून उभी हाय, तिनं काय घोडं मारलं?"

मला वाटलं, आता टोपलीच डोक्यात बसणार. आबांनी नुसतं समुद्राकडे बघितलं. मग प्रत्येक वाट्यातनं दोन-दोन सरंगे उचलून अकरावा वाटा घातला.

"ह्यो टाचेचो."

धर्मा म्हणाला, "आबा, टाच आता कामाची नाय. नीट टेकवत पण नाय मला."

"इंजिन गेल्या साली महिनाभर बंद पडलेला. तवा आम्ही तेचो वाटो कापलेलो काय?"

धर्मा टोपली घेऊन खाली बसला, आणि सरंगे एकेक करून भरायला लागला. फार हळूहळू भरले त्यानं.

* * *

टाचेच्या वाट्यातनं बाहेरच्या लॅबचे पैसे भरले. रिपोर्ट टपालानं आला. सगळा इंग्रजी. अख्खी आळी ओट्यावर जमलेली. धर्माची बायको, सुंदरी वहिनी, बाजारातनं मासे विकून धावत आलेली, टोपली अजून डोक्यावर. मी चष्मा लावून गंभीरपणे वाचायला लागलो. म्हटलं, "काही नाय, सगळं बरं हाय."

"भावोजी," वहिनी म्हणाली, "कागद उलटा हाय."

कागद सुलटा असता तरी मी तेच वाचलं असतं.

शेवटी दवाखान्यात नेला, तेव्हा डॉक्टरीणबाईनं वाचला. कॅन्सरच होता. पण वरवरच्या चामडीत होता, खाली उतरला नव्हता. "आता लगेच जा," ती म्हणाली. "आणखी वर्षभर घासत बसला असतात तर मी काही करू शकले नसते."

वर्षभर घासत! मी खाली मान घालून बाहेर आलो. वहिनीला रॉकेलचा किस्सा तोवर कुणीतरी सांगितलेला. दुसऱ्या दिवशी तीच बाटली माझ्या दारात ठेवून गेली. "भावोजी, ह्यां तुमच्या जिभेला लावा. काळी पडलीय."

वैशाखाची वाट न बघता धर्मा मुंबईला गेला. आमच्या गाववाल्यांच्या खोलीत दीड महिना राहिला. तिथल्या डॉक्टरांनी टाचेचा तेवढा भाग कापून काढला आणि मांडीची चामडी काढून तिथं लावली. टाचेचा वाटा दर खेपेला वहिनीकडे पोचत होता. लग्नही ठरल्या दिवशी झालं. नवरदेवाचे पाय धुताना धर्मानं आधी त्याचे तळवे उलटे करून बघितले!

* * *

पावसाआधी धर्मा काठी टेकत बंदरावर आला. आबा वाटे घालत होते. धर्मानं टाचेच्या वाट्यातले मासे उचलले आणि परत सगळ्यांच्या वाट्यांत घातले.

"आबा, टाचेचो वाटो बंद. आता तिथं मांडी हाय. मांडीनं आजवर बसण्यापलीकडे काय काम केलंय?"

त्या सालापासून आमच्यात एक रीत पडली. डांबराला हात लावायच्या आधी सगळ्यांनी पाय धुवायचे आणि फळीवर ओळीनं बसून तळवे वर करायचे. बघायचो मी. काळं दिसलं की पाठवायचो बाईकडे, ऐकून घ्यायचो नाही. "बघा," मी म्हणायचो, "चौथी पास डॉक्टर!"

* * *

त्यानंतर दोन वर्षांनी माझ्या उजव्या कानामागे एक फोड आला. खपली धरायची, निघायची, पुन्हा धरायची. तीन महिने झाले. जगाचे पाय तपासणारा मी, कानावरून टॉवेल गुंडाळून फिरायला लागलो. ऐन चैत्रात! पोरं म्हणाली, "काका, नवरी झालात काय?" मी पदर घेतल्यासारखा टॉवेल पुढे ओढला आणि मुरकून दाखवलं. सगळे हसले. धर्मा हसला का, ते मी बघितलं नाही.

तोवर आबा थकले होते. वाटे आता धर्मा घालायचा. एका दुपारी बांगडा चांगला मिळाला. धर्मा वाळूत बसून वाटे घालत होता. लाँचीचा, इंजिनाचा, जाळ्याचा, सात माणसांचे सात.

मग त्यानं आणखी एक घातला.

"हा कुणाचा रे?" मी विचारलं.

धर्मानं मान वर केली नाही. स्वतःच्या वाट्यातला सगळ्यात मोठा बांगडा उचलला, त्या वाट्यावर ठेवला आणि म्हणाला,

"कानाचा."