आईची शेंग

ती सटाण्याची होती, एवढंच मला माहीत आहे. नाव विचारायचं मी मुद्दाम टाळलं, कारण ती मला डोळ्यांसमोर नको झाली होती.

इंदिरानगरच्या एका हॉलमध्ये आम्हा बहिऱ्यांसाठी गोष्टी सांगण्याची कार्यशाळा होती. मी लिहिणारी, ती हातांनी सांगणारी. माझी गोष्ट सगळ्यांना वाचायला दिली होती. लहानपणी आई मला हाक मारायची ती पाठीवर भुईमुगाची शेंग फेकून, त्याची गोष्ट. लोकांनी चहा पीत पीत वाचली, माना डोलावल्या.

मग तीच गोष्ट तिला सांगायला दिली. ती बांगड्या वर सरकवून उभी राहिली आणि क्षणात आई झाली. मग शेंग झाली, मग शेंग लागलेली पाठ. कुणाची नजर हलेना. कपांतल्या चहावर साय धरली. माझ्याही कपात धरली, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

निघताना तिनं मला खुणेनं विचारलं, "लिहिताना तू कुणाकडे बघतेस?"

मी वाकून चपला घालू लागले.

द्वारका चौकापर्यंत आमचा रस्ता एकच होता. तिथं ती सटाण्याच्या बसमध्ये चढली. बंद काचेआड शेजारच्या बाईला पुन्हा माझीच गोष्ट सांगायला लागली. मी शेवट केला होता तिथं ती थांबली नाही. तिच्या हातांतली आई म्हातारी झाली. तिनं थरथरत शेंग उचलली, नेम धरला आणि तेवढ्यात बस हलली.

मी काचेबरोबर धावत सुटले. माझ्याच आईची शेंग लागली की नाही, तेवढं मला बघायचं होतं.