अठ्ठावीस दिवसांच्या बाटल्या

मालक तिचा धाकटा दीर, म्हणून अवघा कारखाना तिला वहिनी म्हणे. पण प्रयोगशाळेच्या अरुंद खोलीत तिने नात्याचा आधार कधी घेतला नाही. भांडी धुण्याचे द्रव्य जुन्या रसायनाऐवजी वनस्पती-तेल आणि साखरेपासून बनवावे, प्लास्टिकच्या बाटलीऐवजी स्टार्चचा लेप दिलेल्या कागदी पाकिटात भरावे, हा आग्रह तिचाच. आपले भांडे घासून दुसऱ्याचे पाणी नासवणे याला ती स्वच्छता मानायला तयार नव्हती.

ते द्रव्य पाण्यात विघटित होते का, हे पाहायला अठ्ठावीस दिवस लागत. सांडपाणी केंद्रातून आणलेले जिवंत जंतू द्रव्यासह बाटलीत बंद करायचे. त्यांनी ते खाल्ले की आतला ऑक्सिजन घटतो. बाटली उघडली की बाद, आणि बाटल्या मोजक्याच. म्हणून त्या शेवटच्या दिवशीच उघडत. उघडल्या, तर मीटरवर आकडा पहिल्या दिवशीचाच.

"तुमच्या जंतूंचा उपास दिसतोय, वहिनी," दीर दारातूनच म्हणाला. "जुन्या रसायनाची मागणी आजच पाठवतो."

"संध्याकाळपर्यंत थांबा, भावजी."

"महिनाभर थांबलोच की!"

तो गेल्यावर तिने उरलेली बाटली उघडली. तीत साबण नव्हता, नुसते साखरपाणी होते; जंतू धडधाकट आहेत ना, एवढे कळण्यापुरते. तिथेही ऑक्सिजन तसाच. साखरेलाही तोंड न लावणारे जंतू उपाशी कसले, मेलेलेच असणार. मग तिला आठवले: बाटल्यांना वास येत होता म्हणून तिने त्या जंतुनाशकाने खळखळून धुतल्या होत्या आणि नंतर घाईने एकदाच विसळल्या होत्या.

केंद्रातूनच मेलेले जंतू आले, एवढे म्हटले असते तरी निभावले असते. कोणाला ताकास तूर लागली नसती. ती उठून थेट दिराच्या टेबलापाशी गेली.

"साबण नापास नाही, भावजी. नापास मी झाले. बाटल्या जंतुनाशकाने धुतल्या मी."

"चौदा वर्षं आम्हाला शिस्त शिकवलीत, आणि स्वतः? अति तेथे माती!"

"हसा हवं तेवढं. पण मागणी थांबवा."

"आणि पुन्हा आकडा हललाच नाही तर?"

"तर जुन्या रसायनाची मागणी मी माझ्या हातानं लिहीन."

त्याने कागद खणात टाकला. "अठ्ठावीस दिवस. एकोणतिसावा नाही."

दुसऱ्या दिवशी तिने बाटल्या उकळत्या पाण्याने सात वेळा धुतल्या, केंद्रावर स्वतः जाऊन जंतू आणले. या खेपेस साखरपाण्याच्या दोन जादा बाटल्या ठेवल्या. आठवड्याने एक उघडली. जंतू जिवंत होते.

अखेरच्या दिवशी साबणाचे त्रेसष्ट टक्के विघटन झालेले निघाले. कसोटी साठची होती.

दिराने लगेच पाकिटे छापणाऱ्याला फोन लावला. "'संपूर्ण विघटनशील' छापू ना, वहिनी?"

"नाही. जेवढं मोजलंय तेवढंच. अठ्ठावीस दिवसांत त्रेसष्ट टक्के."

"अहो, असलं वाचून गिऱ्हाईक पळेल!"

"पळू दे. खोटं वाचून थांबायला नको."

तो फोनवर चिडून ओरडला, "हो, त्रेसष्ट! आणि ठळक छापा, नाहीतर ही बाई मला पाकिटं परत पाठवायला लावेल."