राजाच्या पानाच्या डब्याचा नाद

"झाकणाला घंटी लाव ना," ग्रेग स्क्रीनवरून म्हणाला. ग्रेग आमच्या म्युझियमचा प्रोजेक्ट मॅनेजर. मेलबर्नचा लॉकडाऊन चालू होता आणि मी पॉइंट कुकच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, एका मलय राजाचा सोन्याचा पानाचा डबा घडवत होते. खरा डबा केव्हाच हरवलेला. चित्र नाही, फोटो नाही, फक्त जुन्या दरबारी पोथीतलं वर्णन. त्यावरून कॉम्प्युटरवर वस्तू उभी करायची, हे माझं काम. पूर्वी मी गाड्यांचे पार्ट करायचे.

चुना कुठे, सुपारी कुठे, हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. अडलं एकाच वाक्यावर. डबा नाद करत दरबारात येई आणि सगळे गप्प होत.

पोथी वाचून देणारी सलमा सिडनीला असते. घंटीचा उल्लेख कुठेच नाही, असं तिने सांगितलं. मग मी काठाला सोन्याची बारीक पानं टांगली, हलली की एकमेकांना लागणारी. आवाज कसा येतो ते बघायला पितळेची पानं कापून घेतली, घरच्या स्टीलच्या डब्याला बांधली आणि तो हातात धरून खोल्याखोल्यांतून सावकाश चालले. रस्ता रिकामा होता. खिडकीतून ऊन येत होतं. तो किणकिणाट इतका हलका होता, की थांबल्यावरही चालू असल्यासारखा वाटायचा. मुलगी ऑनलाइन क्लास म्यूट करून ऐकत बसली. "आई, डू इट अगेन," म्हणाली. मी दुपारभर तेच करत होते.

प्रदर्शन ऑनलाइन उघडायच्या आठवड्यात सलमाचा कॉल आला. पोथीची दुसरी, स्वच्छ प्रत स्कॅन होऊन तिच्याकडे आली होती.

"मी 'नाद' वाचला, तो शब्द 'फूल' आहे," ती म्हणाली. "पोथीच्या अरबी वळणाच्या मलय लिपीत दोन्ही शब्द जवळजवळ सारखे दिसतात. पहिल्या प्रतीत तिथे शाई पसरली होती. सॉरी."

म्हणजे डबा वाजत नव्हता. त्यावर फुलं होती.

ग्रेगचं म्हणणं पडलं, राहू दे, कुणाला कळणार आहे? खरं तर मलाही तेच हवं होतं. मी सलमाला विचारलं, "नक्की?"

"या शब्दाबद्दल नक्की."

मी एकेक पान काढून टाकलं. सगळ्याला एक सकाळ पुरली. कोणतं फूल ते पोथीत नाही, म्हणून साधी पाकळ्यांची नक्षी कोरली आणि खाली 'हा अंदाज आहे' असं लिहायला लावलं. डबा लोकांना आवडला.

या कामात जो भाग फारच आवडायला लागतो, तो आधी तपासून घ्यावा.