मिशीवाली आबा

वानखडेकाकांवर लिहायचं तर ते त्यांच्या घरच्यांनी लिहायला हवं. मी त्यांचा नातेवाईक नाही, त्यांच्या गावचा नाही, आणि लेखक तर नाहीच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. परीक्षेतल्या उत्तरांपलीकडे मराठीत पानभर काही लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. तरी लिहितो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. यात काही चुकीचं वाटलं तर ते माझं समजा, काकांचं नव्हे.

मी त्यांना आधी ऐकलं, मग पाहिलं. एमएस्सीसाठी इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत येऊन मला थोडेच दिवस झाले होते. दिवस दिवस कुणाशी बोलणं व्हायचं नाही. एका सकाळी बसस्टॉपवर उभा होतो आणि मागून आवाज आला, "थांब ना बाप्पा, आबा थकली आता. आबाले बसू दे थोडी."

मराठी ऐकून मला इतका आनंद झाला की मी हसतच वळलो. वाटलं, कुणी आजी असतील, आवाज जरा घोगरा आहे एवढंच. पाहतो तर बाकावर एक उंचेपुरे गृहस्थ. भरघोस पांढऱ्या मिशा, कानांवरून घट्ट गुंडाळलेला मफलर, आणि खांद्याला लहान मुलीची गुलाबी बॅग, तिच्यावर शिंगवाल्या घोड्याचं चित्र. शेजारी चारेक वर्षांची एक मुलगी त्यांची बाही ओढत होती. बस आली. काका ड्रायव्हरला म्हणाले, "राम राम हो!" ड्रायव्हरनेही काहीतरी म्हणून मान हलवली. मग मुलीकडे वळून काका म्हणाले, "हे पाहा, आबा चढली. आता तू चढ."

मी बसमध्ये त्यांच्या मागच्या सीटवर बसलो आणि पूर्ण रस्ताभर विचार करत राहिलो की विदर्भात पुरुष असंच बोलतात की काय. मी मंगळवेढ्याकडचा. नागपूर मी पाहिलेलं नव्हतं.

ते माझ्या शेजारच्याच घरात राहतात, हे त्याच दिवशी कळलं. त्यांचा मुलगा निखिलदादा आणि सून शर्वरीवहिनी दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. बसस्टॉपवरची ती मुलगी त्यांचीच, जुई; तिचा जन्म इथलाच. काका आर्वीकडचे, नागपूरला पोस्टातून निवृत्त झालेले, आणि पत्नी गेल्यानंतर पहिल्यांदाच मुलाकडे आलेले. व्हिजिटर व्हिसा होता, त्यामुळे मार्चमध्ये परत जायचं ठरलेलं होतं.

'आबा थकली'चा उलगडा थोड्या ओळखीनंतर झाला. निखिलदादा घरी येईपर्यंत जुई झोपलेली असायची. तिच्या कानावर मराठी पडायचं ते आईचं आणि व्हिडिओ कॉलवर मावशीचं. आई आली, मावशी आली, बस आली, मग आबाही आलीच. मी काकांना विचारलं, "तुम्ही तिचं चुकलेलं सुधारत का नाही? उलट तुम्हीच तसं बोलता."

"राजा, पोट्टी बोलून राहिली ना, तेच पुष्कळ आहे," काका म्हणाले. "पाहुण्यानं आत्ता कुठं दार ढकललं. त्याले लगेच पाय पूस म्हणून ओरडतं का कोणी?"

ते गमतीने म्हणाले, पण त्यात गंमत नव्हती. जुई घराबाहेर बोलत नसे. नर्सरीत जायला लागून बरेच महिने झाले होते आणि तिथे तिच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. काही हवं असलं तर ती बोट दाखवायची, तेही नाइलाजाने. घरी कुजबुजायची, आणि मोकळेपणाने बोलायची ती फक्त आबांशी, तेही कानात. सप्टेंबरपासून खरी शाळा सुरू होणार होती. वहिनींना रात्री झोप लागत नव्हती. ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं की घरात दोन भाषा असल्या की मूल गोंधळतं, एकच ठेवा. त्यांनी घरात मराठी बंद केलं. काकांनाही त्या म्हणाल्या, "आबा, प्लीज, तुम्ही पण इंग्लिशच बोला तिच्याशी. थोडंसं येतं ना तुम्हाला?"

काकांनी जरा वेळ विचार केला. "येस, नो आणि थँक्यू येते," ते म्हणाले. "मग सूनबाई, बाकीचं मी कोणत्या भाषेत गप्प बसू?"

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. काका लगेच उठून चहा टाकायला गेले. त्यानंतर वहिनींसमोर ते जुईशी फार बोलत नसत. तिला फिरायला मात्र रोज नेत, आणि कोपरा वळला की दोघांची कुजबुज सुरू होई.

फेब्रुवारीत नर्सरीला सुट्टी लागली. काकांनी मुलाकडे एकच मागणं केलं. "जायच्या आधी पोट्टीले लंडन दाखवतो." मुलाला आणि सुनेला रजा नव्हती. लंडनमध्येच वेम्बलीला, भारतीयांच्या वस्तीत, वहिनींच्या मावशीचं घर होतं, तिथे मुक्कामाची सोय झाली. सोबत म्हणून मला विचारलं. वहिनी स्टेशनवर सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "एकाला इंग्लिश येत नाही, दुसरी बोलत नाही, तिसरा बोलायला लाजतो. छान टीम आहे तुमची!" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "हात सोडू नकोस हं तिचा."

मी मन लावून तयारी केली होती. डायनोसॉरचा सांगाडा असलेलं म्युझियम, राजवाडा, उघडझाप करणारा पूल, सगळं फोनवर क्रमाने लावून ठेवलं होतं. त्यातलं पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. स्टेशनातल्या सरकत्या जिन्याशी जुई थांबली आणि तिने काकांच्या कानात काहीतरी विचारलं. काका मला म्हणाले, "ती विचारते, पायऱ्या खाली जाऊन कुठं लपते?"

मी समजावू लागलो की आत पट्टा असतो, तो गोल फिरतो. काकांनी हात वर केला. "पाहून येऊ ना."

हे त्यांचं नेहमीचं उत्तर. जुईच्या कुठल्याही प्रश्नाला त्यांनी सरळ उत्तर दिलेलं मी ऐकलं नाही. आम्ही तो जिना उतरलो, चढलो, पुन्हा उतरलो. जुई वाकून पायऱ्या जिथे आत शिरतात ती फट पाहायची. मागून येणारी माणसं आम्हाला ओलांडून जात होती आणि मी प्रत्येकाला 'सॉरी' म्हणत होतो. काका म्हणाले, "तू कायले माफी मागून राहिला? त्यायले घाई आहे, आपल्याले नाही. दोघायचंही बरोबर आहे."

दुपारी आम्ही थेम्सवर पोचलो. काठाशी पाणी नव्हतं. भिंतीखाली ओला चिखल, दगडगोटे आणि खाली उतरणाऱ्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. जुई सकाळी बसच्या वरच्या मजल्यावरून हीच नदी भरलेली पाहून आली होती. या वेळी ती कानात बोलली नाही. तिने वाऱ्यातच विचारलं, "आबा, पाणी कुठे गेली?"

"खरंच की! कुठं गेली?" काका कठड्यावरून वाकले. "आमची वर्धा नदी अशी दुपारची सुट्टी घेत नाही बाप्पा."

मी फोन काढून भरती-ओहोटीचं वाचायला लागलो. समुद्र इतका लांब असताना त्याचं बोलावणं इथवर येतं, हे मलाही नवीन होतं. काकांनी नीट ऐकून घेतलं, कौतुकाने मान हलवली आणि म्हणाले, "म्हणजे परत येते! मग येतानी पाहू तिले." आम्ही तिथेच बाकावर बसलो. मावशींनी दिलेले थेपले खाल्ले. थंडीने माझे पाय बधिर झाले. एक पायरी बुडाली, मग दुसरी. प्रत्येक पायरी बुडाली की जुई टाळी वाजवायची आणि काका पाण्याला म्हणायचे, "ये माय, ये, उशीर केला." राजवाडा राहूनच गेला. पण आता कुणी मला लंडन कसं आहे विचारलं, तर मला त्या बुडणाऱ्या पायऱ्या आठवतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्रीन पार्कहून वेम्बलीला परतताना ते घडलं. प्लॅटफॉर्मवर खूप गर्दी होती. काका पुढे होते, गुलाबी बॅग खांद्याला. ते आत शिरले, मी जुईचा हात धरून पाय उचलला, आणि दार बंद झालं. काचेतून काकांचा चेहरा एकदा दिसला आणि गाडी निघून गेली. त्यांचा फोन माझ्याकडे होता, फोटो काढायला घेतलेला.

भडक जाकीट घातलेली एक बाई तिथे ड्यूटीवर होती. तिच्याकडे धावलो खरा, पण माझं इंग्रजी कुठे गेलं देव जाणे. 'ग्रँडफादर' आणि 'ट्रेन' एवढंच पुन्हा पुन्हा निघत होतं. ती शांतपणे म्हणाली की काळजी करू नकोस, पुढच्या स्टेशनला कळवते, ते दिसतात कसे ते सांग.

"ओल्ड," मी म्हणालो. "इंडियन. ग्रे कोट."

ती हसली. वाईट हसू नव्हतं ते. "अरे बाळा," ती म्हणाली, "ही गाडी वेम्बलीला जाते. असे तर निम्मा डबाभर असतील."

तेवढ्यात माझ्या हाताशी आवाज आला. स्पष्ट, मोठा आणि थोडा रागावलेला. "शी हॅज अ मुस्टाश!"

बाईने खाली पाहिलं. मीही पाहिलं. जुई थेट तिच्याकडे बघत होती.

"कोणाला मिशा आहेत, स्वीटहार्ट? तुझ्या आजीला?"

"नो! माय आबा. शी हॅज अ बिग मुस्टाश. अँड शी हॅज माय बॅग. इट्स पिंक. इट्स गॉट अ युनिकॉर्न."

बाईने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग वायरलेस उचलला आणि अजिबात न हसता सांगितलं की एक वयस्कर व्यक्ती हवी आहे, मोठ्या मिशा, युनिकॉर्नची गुलाबी बॅग. उत्तर लगेच आलं. अशी व्यक्ती तिथल्या प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसली असून सगळ्यांना नमस्कार करते आहे.

पुढच्या गाडीने आम्ही तिथे पोचलो. जुई धावत गेली आणि काकांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आबा, तू का गेली? थांबायचं ना!"

"चुकली बाप्पा, चुकली," काका म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की तुम्हाला हिनेच शोधलं. त्या बाईंशी बोलली, परक्या बाईंशी, मोठ्याने. काका उठायला निघाले होते ते पुन्हा बसले. दोन गाड्या आल्या आणि गेल्या. मग म्हणाले, "काय बोलली?"

"तुम्हाला मिशा आहेत, असं."

त्यांनी मिशांवरून हात फिरवला. "खोटं नाही बोलली," ते म्हणाले, आणि मफलरच्या टोकाने डोळे पुसले.

कॉव्हेंट्रीला परतल्यावर मी सगळं सांगितलं तेव्हा वहिनी आधी रडल्या, जुईला पोटाशी धरलं, आणि मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "शी? आबांना शी म्हणाली? बघा, हेच म्हणत होते मी. दोन भाषांचा घोळ होतो."

"घोळ झाला म्हणून तर मी सापडलो, सूनबाई," काका म्हणाले. "बरोबर सांगितलेले म्हातारे अजून त्याच गाडीत बसून असतीन."

निखिलदादा इतका हसला की त्याला ठसका लागला. वहिनी हसल्या नाहीत. पण जेवायला बसताना त्यांनी जुईला मराठीत हात धुऊन यायला सांगितलं. काकांनी शांतपणे पोळी मोडली.

मार्चमध्ये काका नागपूरला परत गेले. विमानतळाच्या बसपर्यंत त्यांची बॅग मी उचलून नेली. मी त्यांना विचारलं, आता तिचं कसं होईल, मध्येच थांबली तर? ते म्हणाले, "थांबेल. पुन्हा चालेल. तू पण तर थांबत थांबतच बोलतो राजा, म्हणून काय तुले मुका म्हणतं कोणी?"

त्यानंतर माझी परीक्षा झाली, लीड्सला नोकरी लागली, नंबर बदलला. कॉव्हेंट्रीला जाईन म्हणत राहिलो. गेल्या आठवड्यात एका मित्राकडून माझा नंबर मिळवून शर्वरीवहिनींचा फोन आला. काका दिवाळीच्या आधीच गेले होते. पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यात वाचा गेली. कळत सगळं होतं, बोलता मात्र येत नव्हतं.

वहिनीच बोलत राहिल्या. रोज शाळेतून आलं की जुई नागपूरला व्हिडिओ कॉल लावायची. तिकडून काहीच आवाज यायचा नाही. हीच बोलायची, एकटी, अर्धा अर्धा तास, मराठीत. मध्ये शब्द अडला तर स्वयंपाकघरात धावत येऊन आईला विचारायची आणि परत जाऊन पुढे सुरू करायची. तिकडे नर्सने फोन धरलेला असायचा आणि काका ऐकत असायचे.

"शेवटच्या दिवशी पण?" मी विचारलं.

"शेवटच्या दिवशी पण."

"काय सांगत होती?"

"काही नाही रे," त्या म्हणाल्या. "शाळेत जेवायला मटार होते, ते."